चौदा महिन्यांनी पुन्हा लागलेली सिगारेट सोडताना

सिगारेट सोडायची म्हणून मी एका मोठ्या रुग्णालयात चार खेपा घातल्या आणि त्या चार खेपांत, त्याच रुग्णालयाच्या फाटकाबाहेर, मिळून सात सिगारेटी ओढल्या. या गोष्टीला आठ महिने होऊन गेले. सिगारेट सुटली, पण त्या खेपांचा राग काही सुटत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. दुसरं कारण असं की माझ्यासारखी, एकदा सोडून पुन्हा लागलेली माणसं आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत आणि ती गप्प असतात. मीही सहा महिने गप्प होतो.

थोडं मागचं सांगतो. माझं वय त्रेचाळीस. भोसरीला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी लागलेली सिगारेट वीस वर्षं चालली, दिवसाला बारा-पंधरा. १२ डिसेंबर २०२२ ला सोडली. तेव्हा कोणाकडे गेलो नाही, औषध घेतलं नाही. तिसरा दिवस फार वाईट गेला, पहिला महिना वाईट गेला, पण निभावलं. मुलीनं पहिले शंभर दिवस कॅलेंडरवर फुल्या मारल्या. तसे चौदा महिने काढले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये थोरले काका गेले. वैकुंठात विद्युतदाहिनीसाठी थांबावं लागलं, आमच्या आधी दोघांचा नंबर होता. दुपारची वेळ, सगळे पुरुष बाहेर उभे, बोलण्यासारखं कोणाकडेच काही नाही. मावसभावानं पाकीट पुढं केलं, मी नको म्हणालो. दहा मिनिटांनी मीच हात पुढं केला.

दोन झुरक्यांत चक्कर आली, तळहाताला घाम फुटला. शरीराची सवय गेली होती, त्यामुळे विष विषासारखंच लागलं. मला वाटलं बरं झालं, आता पुन्हा हात लावणार नाही. आणि चार दिवस लावला नाही. त्या चार दिवसांनीच माझा घात केला. ‘बघ, एक ओढली तरी काही झालं नाही, आता आपण अधूनमधून ओढणाऱ्यातले’ असं मी स्वतःला सांगितलं. दहाव्याला एक, तेराव्याला दोन. मार्च संपेपर्यंत रोजच्या सहा झाल्या आणि मे महिन्यात पुन्हा बारावर आलो. पहिल्यांदा इतकी सवय लागायला दोन वर्षं गेली होती, या वेळी तीन महिने पुरले.

घरी सांगितलं नाही. बॅगेत बडीशेप, एक जादा शर्ट, कंपनीतून निघताना साबणानं कोपरापर्यंत हात धुणं, हे सगळं सुरू झालं. जूनमध्ये कंपनीची वार्षिक तपासणी होती. फॉर्मवर तीन चौकोन होते: धूम्रपान करतो, करत नाही, सोडले. मी ‘सोडले’वर खूण केली. डॉक्टरांनी गेल्या वर्षीचा कागद बघितला, शाबासकी दिली आणि म्हणाले, “कशी सोडली ते नवीन पोरांना एकदा सांगा.” मी हो म्हणालो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जुलैत बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मला मार्चपासून माहीत आहे. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.” एवढंच बोलली. मग रात्री दिवा मालवताना म्हणाली, “आता एकट्यानं करू नका.”

तिचं लगेच ऐकलं नाही. आधी दोनदा एकट्यानं करून बघितलं, पहिल्या वेळेसारखंच, एकदम बंद. दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी मोडलं. हे मला कळत नव्हतं. तोच मी, तीच सिगारेट, आणि त्या वेळी चौदा महिने जमलेलं आता छत्तीस तास जमेना. आता वाटतं, त्या वेळी तलफ आली की ‘आपण सोडणारच’ असं मनात यायचं. या वेळी तलफेबरोबर दुसरंच वाक्य यायचं: ‘चौदा महिने काढून मोडलंसच ना, मग आज काढलेल्या दिवसाचं काय मोल?’ त्या वाक्यापुढं माझं काही चालायचं नाही.

म्हणून रुग्णालय.

पहिली खेप, २५ जुलै, गुरुवार. सकाळी साडेसातला केस पेपरच्या रांगेत उभा राहिलो. नऊच्या सुमारास खिडकी आली. आतल्या माणसानं विचारलं, “काय होतंय?” मी हळू आवाजात म्हणालो, “सिगारेट सोडायचीय.” त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. शेवटी माझ्या मागच्या बाईंनी मोठ्यानं सांगितलं, “सिगारेट सोडायचीय म्हणतायत.” रांगेतली दहा-बारा डोकी वळली. तो म्हणाला, “व्यसन? खोली नंबर सत्तावीस.”

सत्तावीस म्हणजे मानसोपचार. बाकावर सव्वा तास बसलो. नंबर जवळ आला तेव्हा दारावरच्या मामांनी कागद बघितला आणि म्हणाले, “तंबाखूचं आता इथं नाही, दंत विभागाकडं गेलंय. तिसरा मजला.” हे ते सव्वा तासापूर्वीही सांगू शकले असते.

दंत विभागात एका तरुण डॉक्टर मुलीनं आरसा घालून तोंड तपासलं. नीट तपासलं, तिला नावं ठेवणार नाही. पांढरा चट्टा नाही, तोंड पूर्ण उघडतंय, सगळं ठीक. मग विचारलं, “गुटखा, मिश्री, मावा?” मी म्हणालो, “नाही, सिगारेट.” ती म्हणाली, “मग तुम्हाला छातीरोगाकडं जायला हवं.” हे असं का, ते मला नंतर कळलं. आपल्याकडे ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे सुमारे ६ टक्के होते आणि तंबाखू खाणारे-लावणारे २४ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे तंबाखू म्हटलं की आधी तोंड, हे मला मान्य आहे. पण मग ओढणाऱ्यानं कुठं जायचं, हे कोणीतरी कुठंतरी लिहून ठेवायला हवं की नको?

छातीरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात पोचलो तेव्हा एकला दहा कमी होते. नंबर साडेबारालाच बंद झाले होते. सिस्टर म्हणाल्या, “केस पेपर हाच चालेल, नंबर मात्र नव्यानं लावायचा.”

त्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर, अगदी जिन्याच्या वळणावरही, पाटी होती: धूम्रपान निषिद्ध, दंड २०० रुपये. सार्वजनिक ठिकाणी ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, तेव्हापासूनच्या त्या पाट्या असाव्यात इतक्या पिवळ्या पडल्या होत्या. मी उतरताना मोजल्या, अकरा होत्या. आणि ‘सिगारेट सोडायची असेल तर इकडे’ असं सांगणारा एक बाण अख्ख्या इमारतीत नव्हता. ओढू नका हे सांगायला अकरा पाट्या आणि सोडायला आलेल्या माणसासाठी एकही नाही. याचा मला त्या दिवशी जेवढा संताप आला तेवढाच आजही येतो.

फाटकाबाहेर टपरी. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, पण मला सुटीच मिळाली. दोन ओढल्या. पाच तास काढून गेलो होतो आणि हाती काय, तर दोन सिगारेटी.

दुसरी खेप, पुढचा गुरुवार, १ ऑगस्ट. हाफ डे टाकला. या वेळी थेट छातीरोग, नंबर अकरावा. डॉक्टर चांगले भेटले. छाती तपासली, नळीत फुंकायला लावून फुप्फुसाची ताकद बघितली, एक्स-रे काढायला सांगितला. गोळ्यांचं मी विचारलं. त्यांनी सांगितलं की चिठ्ठीवर मिळणाऱ्या दोन गोळ्या आहेत, बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन, आणि दोन्ही सिगारेट बंद करायच्या तारखेच्या आधी एक-दोन आठवडे सुरू कराव्या लागतात. मग विचारलं, “कधी आकडी आली होती का?” मला लहानपणी, सहावीत असताना, दोनदा आली होती. मी ते सांगणारही नव्हतो, विसरूनच गेलो होतो. ते म्हणाले, मग बुप्रोपिऑन तुम्हाला देता येणार नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी मित्राच्या उरलेल्या गोळ्या घेऊन सुरुवात करायच्या विचारात असेल तर कृपा करून तसं करू नका. त्यांनी कागदावर लिहिलं: तंबाखूमुक्ती समुपदेशन केंद्र. म्हणाले, आधी तिथं जा, मग गोळीचं बघू.

केंद्र मागच्या इमारतीत होतं. चार जणांना विचारलं, चौघांनी चार दिशा दाखवल्या. सापडलं तेव्हा दाराला कुलूप. वर कागद चिकटवलेला: मंगळवार व शुक्रवार, १० ते १. त्या दिवशी गुरुवार होता. पुन्हा टपरी, पुन्हा दोन.

तिसरी खेप, दुसऱ्याच दिवशी, शुक्रवार. कंपनीत खोटं सांगून गेलो. दार उघडं होतं. आत एक टेबल, एक रजिस्टर, फुप्फुसांची दोन चित्रं आणि एक सहायक. त्यांनी बसायला सांगितलं. दोन तास बसलो. मग त्यांनी दोन पानी फॉर्म काढला आणि विचारत विचारत भरू लागले. नाव, शिक्षण, उत्पन्न, लग्न, मुलं. मग आलं, “पूर्वी सोडायचा प्रयत्न केला होता का?” हो. “किती वेळा?” मी म्हणालो, एकदा नीट, नंतर दोनदा थोडा. त्यापुढं एक छोटा चौकोन होता, त्यावर छापलेलं: परिणाम. त्यांनी मला न विचारता तिथं लिहिलं, ‘अयशस्वी’.

मी म्हणालो, “अहो, चौदा महिने सोडली होती.”

“पण आता ओढता ना?”

“ओढतो.”

“मग तसंच लिहितात.”

माझा आवाज चढला. काय काय बोललो ते आठवत नाही, पण बाहेरची माणसं आत डोकावली. चौदा महिने म्हणजे सव्वाचारशे दिवस. त्या दिवसांत एक गणपती आला, दोन लग्नं झाली, कंपनीत एक संप होता होता राहिला, आणि मी एकदाही ओढली नव्हती. त्या सगळ्याचं चार अक्षरांत कोणीतरी वाटोळं करत होतं, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की गेले सहा महिने मी स्वतःला तोच शब्द ऐकवत होतो. त्या सहायकांची चूक नव्हती, चौकोनच तेवढा होता. फॉर्म पूर्ण झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, “मॅडम आज एका शाळेत कार्यक्रमाला गेल्यात. मंगळवारी या.”

दोन तास बसवल्यावर हे सांगितलं.

मी फाटकाबाहेरच्या पायरीवर बसलो. पहिली संपवली, दुसरी पेटवली. या वेळी टपरीवरून अख्खं पाकीट घेतलं होतं. पाकिटावर ते भयानक चित्र असतं, त्याच्याखाली एक नंबर छापलेला असतो: १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून तो प्रत्येक पाकिटावर आहे. मी तो शेकडो वेळा पाहिला होता आणि एकदाही वाचला नव्हता. त्या दिवशी लावला, बहुतेक भांडायलाच. फोन मोफत आहे. मराठीत बोलायला मिळालं. पलीकडच्या ताईंनी विचारलं, “शेवटची सिगारेट कधी ओढलीत?” मी म्हणालो, “आत्ता हातात आहे.” त्या म्हणाल्या, “बरं, असू द्या. बोला.”

मी बोललो. खेपा, कुलूप, अयशस्वी, काका, सगळं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी एक काम दिलं: चार दिवस सिगारेट कमी करू नका, फक्त प्रत्येक सिगारेटीची वेळ, जागा आणि तिच्या आधीच्या पाच मिनिटांत काय चाललं होतं ते लिहून ठेवा. आणि मंगळवारी जा, मॅडम असतील तेव्हा जाच. पुन्हा फोन कधी करू, हेही विचारून घेतलं आणि त्या वेळी खरंच फोन आला. मी फोन करत होतो तेव्हा ती सेवा सकाळी ८ ते रात्री ८ असायची आणि सोमवारी सुट्टी. पुष्कळ जण सोमवारपासून सोडायचं ठरवतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं आणि रविवारीच बोलून घ्यावं.

चौथी खेप, मंगळवार, ६ ऑगस्ट. आत जाण्याआधी एक ओढली. मॅडम होत्या. माझ्या मागे नऊ जण बसले होते, त्यामुळे त्या घाईत होत्या, पण प्रश्न नेमके विचारत होत्या. उठल्यावर पहिली किती मिनिटांनी? तापानं झोपून असलात तरी ओढता का? जिथं बंदी आहे तिथं दम धरवतो का? मी शिफ्टच्या डायरीची मागची पानं पुढं केली. चार दिवसांत सेहेचाळीस सिगारेटी. त्या पेन्सिलीनं टिंबं देत गेल्या. ट्रक लागायची वाट बघताना. तपासणी विभागाचा रिपोर्ट यायचा होता तेव्हा. बस. चहा यायचा होता तेव्हा. मुलीच्या क्लासबाहेर. पुन्हा बस. एकतीस टिंबं झाली.

“टेन्शनमुळे ओढता असं तुम्ही फॉर्ममध्ये सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “यात टेन्शनच्या चारच दिसतात. तुम्ही वाट बघताना ओढता.”

मला वैकुंठातली दुपार आठवली. आणि मग या चार खेपा. वीस वर्षं मी लोकांना टेन्शन सांगत होतो, आणि ज्या माणसाला वाट बघणं सोसत नाही त्याला सिगारेट सोडायला यांनी तासन्‌तास बाकावर बसवलं होतं.

मग त्यांनी फॉर्म उलटला. परिणामाच्या चौकोनाशी त्यांचा हात थांबला. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘१४ महिने’. आणि लगेच पुढचा प्रश्न, “त्या चौदा महिन्यांत वाट बघताना काय करत होतात?” हे मला कोणीच विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. आठवून सांगितलं की पहिले दोन-तीन महिने खिशात एक बोल्ट ठेवायचो, एम-आठचा, त्यावर नट फिरवत बसायचो. नंतर ते सुटून गेलं. “मग तो पुन्हा आणा,” त्या म्हणाल्या.

एका छोट्या यंत्रात फुंकायला लावलं. पंधरा सेकंद श्वास धरायचा आणि सावकाश सोडायचा. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. माझा १७ आला. न ओढणाऱ्याचा दहाच्या बराच आत असतो. हा वायू एक-दोन दिवसांत निघून जातो, म्हणून यंत्राला तुमची वीस वर्षं कळत नाहीत, कालचंच कळतं. मला त्याचा फार आधार वाटला. १३ ऑगस्ट, मंगळवार, ही तारीख ठरवून बाहेर पडलो. त्या दिवशी टपरीवरून सरळ पुढं गेलो.

१३ तारखेनंतरचं फारसं सांगण्यासारखं नाही. तिसरा दिवस याही वेळी वाईट गेला. दुसऱ्या मंगळवारी यंत्रावर ३ आला. आता जे जे आठवेल ते सांगतो.

निकोटिनचं च्युइंगम मी जुलैत आणलं होतं आणि फेकून दिलं होतं, कारण उचक्या लागायच्या आणि छातीत जळजळ व्हायची. मी ते साध्या च्युइंगमसारखं चघळत होतो. ते तसं खायचं नसतं. हळूहळू चावायचं, तोंडाला तिखट झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचं. झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडं चावायचं. असं अर्धा तास. निकोटिन तोंडातल्या त्वचेतून अंगात जातं, थुंकीबरोबर गिळलं तर वाया जातं आणि वर उचक्या लागतात. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू सरबत, सोडा काही नाही, त्यानं परिणाम मारला जातो. मी नेमका चहाबरोबर खात होतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर साधारणपणे ४ मिलिग्रॅमचं देतात आणि त्याला चिठ्ठी लागते. माझी पहिली बसथांब्यावर, चाळीस मिनिटांनी, म्हणून मला २ चं पुरलं, ते चिठ्ठीशिवाय मिळालं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, मग अंतर वाढवत बारा आठवड्यांत बंद. लोक म्हणतात, एक व्यसन जाऊन दुसरं आलं. माझं तसं झालं नाही, नोव्हेंबरात ते आपोआप विसरायला लागलो.

चहाचं आणखी एक. सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर संपवतं. धूर बंद झाला की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. मी दिवसाला सात कप प्यायचो. पहिल्या आठवड्यात हात थरथरायचे, झोप उडायची, आणि मला वाटायचं ही तलफच. फोनवरच्या ताईंनी कप निम्मे करायला सांगितले. तीनवर आणले आणि दोन दिवसांत फरक पडला. हे पहिल्या वेळी कोणी सांगितलं असतं तर डिसेंबर २०२२ मधल्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

तलफ पाच-दहा मिनिटं टिकते, मग उतरते. हे सगळीकडे लिहिलेलं असतं. पण ती पाच मिनिटं हीसुद्धा वाट बघण्याचीच असतात, त्यामुळे मला नुसतं ‘थांबा, जाईल’ म्हणून भागत नव्हतं. पाण्याची बाटली, बोल्ट आणि जागा बदलणं या तीन गोष्टी लागायच्या. ट्रकची वाट बघायची असेल तर गेटवर उभं राहायचं सोडून मी स्टोअरमध्ये जाऊन माल मोजायला लागलो. स्टोअरवाल्याला आधी वाटलं त्याच्यावर नजर ठेवतोय, मग खरं कारण सांगितलं. तोही ओढतो, त्यानं मला स्टूल दिलं.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा होती, तो साधारण साठावा दिवस. गुरुजींना यायला उशीर झाला. सगळे आवारात उभे, आणि मी एक ओढली. हे लपवणार नाही, कारण मी पहिल्या वेळी जे केलं त्याच्यापेक्षा वेगळं इथंच केलं. चक्कर आली, तशीच. या वेळी ‘बघ, काही झालं नाही’ म्हणायला चार दिवस दिले नाहीत. गुरुजी यायच्या आत बायकोला फोन केला. ती म्हणाली, “पाकीट आहे का जवळ?” नव्हतं, दुसऱ्याची होती. “मग या घरी, श्रीखंड आणायचंय.” रात्री त्या मोफत नंबरवर सांगितलं. त्यांनी विचारलं, “आधीची पाच मिनिटं काय चाललं होतं?” तो प्रश्न आता मला पाठ आहे. डायरीत लिहिलं: गुरुजींची वाट, बोल्ट दुसऱ्या पँटमध्ये. आता बोल्ट तीन आहेत, एक बॅगेत, एक कंपनीच्या लॉकरमध्ये, एक खिशात. दिवसांची मोजणी मी पुन्हा शून्यावर नेली नाही. मुलीशी यावरून वाद झाला, तिचं म्हणणं शून्यावर न्यायला हवी. शेवटी तिनं त्या दिवसाच्या चौकोनात एक गोल काढला आणि पुढच्या दिवसापासून फुल्या चालू ठेवल्या.

कंपनीच्या डॉक्टरांनाही जाऊन सांगितलं की जूनमधली खूण खोटी होती. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग नवा फॉर्म दिला.

रुग्णालयात जाणार असाल तर आधी केस पेपरच्या खिडकीवर एवढंच विचारा: तंबाखूमुक्ती केंद्र कोणत्या वारी आणि कुठल्या इमारतीत? ‘सिगारेट सोडायचीय’ म्हणू नका, तसं म्हटलं की तुम्हाला इमारतभर फिरवतील. जुना केस पेपर जपून ठेवा. पोचल्यावर आधी विचारा की समुपदेशक आज आहेत का, मगच बसा. आणि फॉर्ममध्ये परिणामाचा चौकोन आला की पेन मागून घ्या, तिथं महिने स्वतः लिहा, दिवस असतील तर दिवस लिहा.

फेब्रुवारीत सहा महिन्यांच्या तपासणीला गेलो होतो, यंत्रावर २ आला. त्याच दिवशी अधीक्षकांच्या कार्यालयात पत्र दिलं: धूम्रपानबंदीच्या अकरा पाट्यांखाली केंद्राचा वार, वेळ आणि एक बाण रंगवावा, रंगाचा खर्च मी देतो. पत्राची पोच माझ्याकडे आहे. मार्चमध्ये विचारायला गेलो तर फाइल वर गेली आहे म्हणाले. बाण अजून रंगवलेला नाही. पुढच्या मंगळवारी सुट्टी टाकली आहे. तिथं दोन-तीन तास थांबावं लागेल, बोल्ट आणि पाण्याची बाटली घेऊन जाणार आहे.